‘व्हिसा लागत नाही’ असं मला पुन्हा कुणी सांगू नका

पहाटे पावणेतीनला मुंबई विमानतळाच्या टर्मिनल दोनवर माझी आई काउंटरसमोर पासपोर्ट हातात घेऊन उभी होती आणि काउंटरवरची मुलगी तिला सांगत होती, "काकू, तुमचं सिस्टीम घेत नाहीये." आईने वळून माझ्याकडे बघितलं. आपल्यामुळे सगळे खोळंबले, आपलंच काहीतरी चुकलं, अशी ती नजर. 64 वर्षांची बाई, आयुष्यात पहिल्यांदा परदेशी निघालेली. तिचं काहीही चुकलं नव्हतं. ती नजर आठवली की अजून माझं डोकं सणकतं, म्हणून आज हे सगळं लिहून काढतेय.

आम्ही केनियाला निघालो होतो. बाबांना मसाई मारा बघायचं होतं. मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे कळप त्यांनी टीव्हीवर इतक्या वेळा पाहिलेत की कुठल्या महिन्यात कळप कुठे असतात हे त्यांना तोंडपाठ आहे. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी या ट्रिपसाठी पैसे बाजूला ठेवले होते. आम्ही पाच जण: आई, बाबा, मी, नवरा आणि सात वर्षांचा मुलगा. ऑगस्टचं बुकिंग. टूरवाल्याने पहिल्या भेटीतच छातीठोकपणे सांगितलं, "केनिया व्हिसा-फ्री आहे मॅडम, काही टेन्शन घेऊ नका."

व्हिसा-फ्री! या शब्दाचा मला आता मनस्वी राग येतो.

खरी गोष्ट अशी आहे. 12 डिसेंबर 2023 ला केनियाच्या राष्ट्राध्यक्षांनी, विल्यम रुटोंनी, जाहीर केलं की जानेवारीपासून जगातल्या कुणालाही केनियाला यायला व्हिसा लागणार नाही. जगभर बातम्या झाल्या. आणि त्याच जानेवारीत ‘ईटीए’ सुरू झालं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ट्रॅव्हल ऑथरायझेशन. ते प्रत्येकाने निघायच्या आधी ऑनलाइन काढायचं. पासपोर्टचा स्कॅन द्या, फोटो द्या, विमानाचं जाण्यायेण्याचं तिकीट द्या, हॉटेलचं बुकिंग द्या, माणशी 30 डॉलर भरा आणि मंजुरीची वाट बघा. तीन दिवस लागू शकतात. मंजुरी आली नाही तर विमानात बसता येत नाही.

मग व्हिसा म्हणजे दुसरं काय असतं? अर्ज आहे, फी आहे, कागदपत्रं आहेत, नाकारायचा अधिकार त्यांच्याकडे आहे. फक्त ‘व्हिसा’ हा शब्द काढून टाकला. आधीचा ई-व्हिसा 50 डॉलरला होता, म्हणजे 20 डॉलर वाचले हे मान्य. पण आधी आईवडिलांबरोबर जाणाऱ्या 16 वर्षांखालच्या मुलांना व्हिसाची फी माफ होती. आता तान्ह्या बाळालाही वेगळं ईटीए लागतं. माझ्या सात वर्षांच्या मुलाचा अर्ज, त्याचा फोटो, त्याची फी, सगळं वेगळं. आफ्रिकेतल्या ज्या देशांच्या लोकांना पूर्वी तिथे काहीच लागत नव्हतं, त्यांच्याही मागे हे लागलं. त्यावर इतकी ओरड झाली की 2025 मध्ये सोमालिया आणि लिबिया सोडून बाकी आफ्रिकन देशांना यातून वगळावं लागलं.

एखाद्या देशाने आपल्याकडे कोण येतंय हे आधी तपासावं, फी घ्यावी, त्याला माझी अजिबात हरकत नाही. तो त्यांचा हक्क आहे. माझी हरकत आहे ती ‘काही लागत नाही’ असं सांगून माणसाला गाफील ठेवण्याला. व्हिसा लागतो म्हटलं की आपण सावध होतो. दोन महिने आधी कागद जमवायला घेतो, चार जणांना विचारतो, नीट वेळ काढतो. ‘लागत नाही’ म्हटलं की निवांत राहतो. आमच्या टूरवाल्याने निघायच्या 10 दिवस आधी मेसेज टाकला, "ईटीए काढून घ्या प्लीज, दहा मिनिटांचं काम आहे." आदल्या महिन्यात पिवळ्या तापाच्या लशीसाठी आम्ही किती धावपळ केली ते त्याला माहीत होतं. लशीच्या यादीबरोबर हेही सांगायला त्याचं काय जात होतं?

दहा मिनिटांचं काम. ज्याला कीबोर्डवर दोन्ही हात चालवता येतात, ज्याचं कार्ड परदेशी पेमेंटला सुरू आहे, ज्याचा पासपोर्ट आधीच स्कॅन केलेला आहे, त्याला असेल दहा मिनिटांचं. आमचे दोन रविवार गेले.

मी शोधायला बसले तर सगळ्यात वर एक साइट आली. केनियाचा झेंडा, सिंह, जिराफ, ‘ऑफिशियल’ वाटावा असा शिक्का. मी तीच उघडली. खरी सरकारी साइट ‘डॉट गो डॉट केई’ने संपते हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि ते माहीत असायला मी काय केनियाच्या सरकारात कामाला आहे? ऑफिस, मुलाचा अभ्यास, स्वयंपाक उरकून रात्री साडेदहाला लॅपटॉप उघडणारी बाई पत्त्याची शेवटची अक्षरं तपासत बसत नाही.

मग फोटो. बाबांना बाल्कनीच्या दारासमोर उभं केलं, मागे पांढरी चादर धरली. एका बाजूने नवऱ्याने, दुसऱ्या बाजूने मुलाने खुर्चीवर चढून. पहिल्या फोटोत चष्म्यावर ट्यूबलाइट चमकली. चष्मा काढला तर दुसऱ्या फोटोत चादरीच्या कडेवर मुलाची बोटं दिसली. तिसरा चढवला तर ‘फाइल मोठी आहे’. लहान केली तर ‘फोटो अस्पष्ट आहे’. असं करत करत पाचव्या वेळी घेतला. तोवर पान ‘वेळ संपली’ म्हणून बंद पडलं आणि नाव, गाव, पासपोर्ट, हॉटेलचा पत्ता, सगळं पहिल्यापासून. आईच्या वेळी तर बिचारी नवी साडी नेसून, केस विंचरून बसली होती, आणि मी तिला म्हणत होते, हसू नकोस, मान सरळ ठेव, कान दिसू देत.

बाबा शेजारी बसून सगळं बघत होते. या माणसाने आयुष्यभर घरातलं प्रत्येक सरकारी काम स्वतः केलंय. रेशनकार्ड, गॅस, पेन्शन, माझे दाखले. त्यांची एक निळी प्लास्टिकची फाइल आहे, तिच्यात प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स असतात. ती फाइल मांडीवर घेऊन ते दोन तास बसले आणि शेवटी म्हणाले, "मला काही करण्यासारखं आहे का यात?" नव्हतं. हेच मला सगळ्यात जास्त लागलं. खिडकीवर रांग असती तर ते पहाटे पाचला जाऊन उभे राहिले असते आणि पाचही जणांचं काम करून आले असते. खिडकीच काढून टाकली. प्रश्न तेवढेच ठेवले, पैसे ठेवले, आणि उत्तर द्यायला बसलेला माणूस तेवढा काढला. ‘आडनाव’ म्हणजे काय लिहायचं, आईच्या पासपोर्टवर पहिल्या नावातच बाबांचं नाव जोडलेलं आहे ते तसंच टाकायचं का, हे विचारायला जगात कुणी नाही. चुकलं तर तुमचं चुकलं.

पैसे भरताना माझं कार्ड दोनदा नाकारलं गेलं. 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे नवं कार्ड परदेशी व्यवहारांसाठी बंदच येतं, आपण ते ॲपमधून सुरू करायचं असतं. नियम सुरक्षिततेसाठी आहे आणि बरोबर आहे. पण हे बाबांना एकट्याने जमलं असतं का? शेवटी नवऱ्याच्या कार्डावरून पैसे गेले. माणशी 89 डॉलर! पाच जणांचे 445. मी तेव्हा समजले की हाच दर असेल. खरी फी 30 डॉलर आहे हे मला आठवड्याने ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडून कळलं. एकोणचाळीस हजारांच्या घरात रुपये गेले, त्यातले पंचवीस हजारांहून जास्त नुसते मधल्या मध्ये गिळले. पुन्हा जाऊन बघितलं तर पानाच्या तळाशी, करड्या रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं की आम्ही सरकारी नाही, आमचा सेवाआकार परत मिळत नाही. हा दरोडा आहे. दुसरा शब्द नाही. आणि असे दरोडेखोर प्रत्येक देशाच्या नावाने बसलेत. थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड पूर्णपणे फुकट आहे, तरी त्याच्या नावानेही पैसे उकळणाऱ्या साइट निघाल्या आणि तिथल्या सरकारला लोकांना सावध करावं लागलं.

बरं, पैसे घेतले ते घेतले, काम तरी नीट करायचं! आईच्या पासपोर्टच्या नंबरात मी टाकलेला 3 त्यांच्याकडे कुणीतरी 8 केला. मी भरलेल्या फॉर्मची प्रत माझ्याकडे आहे, तिच्यात 3च आहे. मंजुरीच्या कागदावर 8. त्या पाच कागदांवरची नावं मी तपासली, तारखा तपासल्या. नंबरातला हा एक आकडा माझ्या नजरेतून सुटला.

म्हणून पहाटे पावणेतीनला, "काकू, तुमचं सिस्टीम घेत नाहीये."

त्या मुलीवर मी चिडले नाही. तिच्या हातात काही नव्हतं. कागद बरोबर नसलेला प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड बसतो आणि त्याला स्वतःच्या खर्चाने परत आणावं लागतं, त्यामुळे ते धोका घेत नाहीत. त्या देशाची सरहद्द आता आपल्या शहरातल्या चेक-इन काउंटरवर आली आहे, आणि तिथे त्या देशाचा एकही अधिकारी नसतो. चूक उघड आहे, पासपोर्ट समोर आहे, माणूस समोर आहे, आणि "हो, हा 3 आहे" एवढं म्हणायचा अधिकार त्या अख्ख्या इमारतीत कुणालाही नाही. मी तिथेच जमिनीवर बसून फोनवर सरकारी साइटवर आईचा नवा अर्ज भरला. 30 डॉलर भरले. ‘प्रक्रियेत’ असं आलं. काउंटर बंद व्हायला 40 मिनिटं होती. त्या मधल्या साइटचा मदतीचा नंबर कुठल्या तरी देशात नुसता वाजत राहिला.

बाबा म्हणाले, "तुम्ही जा. मी हिच्याबरोबर थांबतो." मुलगा रडायला लागला. तिथलं बुकिंग परत न मिळणारं, म्हणून आम्ही तिघं गेलो, आणि आईबाबा दोन मोठ्या बॅगा घेऊन पहाटे टॅक्सीने डोंबिवलीला परतले. आईचं नवं ईटीए दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलं. नवी तिकिटं काढून ते चौथ्या दिवशी नैरोबीत उतरले, तोवर आमचा गट मारा सोडून नाकुरूला पोचला होता. नाकुरू सुंदर आहे, गेंडे दिसले, फ्लेमिंगो दिसले. मारा नदी बाबांनी पाहिली नाही.

यावर मला लोक काय सांगतात? "तू नीट तपासायला हवं होतंस." हो, हवं होतं. पण पाच माणसांच्या आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या गोष्टीची सगळी जबाबदारी एका आकड्यावर टांगायची, तो दुरुस्त करायची सोय विमानतळावर ठेवायची नाही, आणि वर ‘प्रवास सोपा केला’ म्हणून जाहिरात करायची, हे मला पटत नाही. आणि हे एका केनियाचं नाही. अमेरिकेचं एस्टा, म्हणजे ज्यांना तिथे व्हिसा लागत नाही त्यांनी आधी काढायची ऑनलाइन परवानगी, 2009 पासून सक्तीचं आहे, 2025 मध्ये त्याची फी 21 वरून 40 डॉलर केली. ब्रिटनने जानेवारी 2025 मध्ये अमेरिकन पासपोर्टवाल्यांना 10 पौंडांचं ईटीए लावलं, एप्रिलमध्ये त्याचे 16 केले. माझी न्यू जर्सीची चुलतबहीण लंडनला लग्नाला जाताना घरातल्या चौघांचे भरून बसली होती. युरोपचं येऊ घातलंय, 20 युरोंचं. आणि आपण तरी काय वेगळे? 2014 मध्ये आपण ई-व्हिसा सुरू केला तेव्हा त्यालाही ट्रॅव्हल ऑथरायझेशनच म्हणत होते, आणि आपल्या फॉर्ममध्ये परदेशी माणसाच्या आजी-आजोबांचीही चौकशी असते. निदान आता आपण त्याला व्हिसा म्हणतो.

प्रवाशांना सांगताना टूरवाल्यांनी, बातम्या देणाऱ्यांनी, सगळ्यांनी सरळ सांगावं: परवानगी लागते, पैसे लागतात, एवढे दिवस लागतात, आणि साइटचा पत्ता हा. माझ्या टूरवाल्याला मी हे फोनवर सांगितलं तर म्हणाला, "पण मॅडम, टेक्निकली व्हिसा-फ्रीच आहे ना." मी फोन ठेवून दिला. दोन महिन्यांनी त्याच्या नव्या जाहिरातीत पुन्हा तोच शब्द, लाल अक्षरांत, सिंहाच्या फोटोवर.

जास्तीच्या पैशांसाठी बँकेकडे दावा केला आहे. त्यांनी आधी हात वर केले, पैसे तुम्हीच ओटीपी टाकून भरलेत म्हणाले. मग मी मूळ फॉर्म, मंजुरीचा चुकीचा कागद आणि पासपोर्ट, तिन्हींच्या प्रती जोडून पाठवल्या. त्या झेरॉक्स बाबांनीच काढून आणल्या, दोन-दोन. आज 47 वा दिवस आहे. ॲपमध्ये अजून ‘प्रक्रियेत’ असंच दिसतंय.