‘लसीकरण केंद्रावर जाणे हाच खरा धोका’ हे म्हणणे का टिकत नाही

एप्रिल २०२१ पासून, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मुंबईतल्या अनेक सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक संदेश फिरत होता. त्याचा आशय थोडक्यात असा: लसीकरण केंद्रावरच कोरोना होतो, रिक्षा-टॅक्सीत बसणाऱ्याला संसर्ग ठरलेलाच आहे, लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती काही दिवस खाली जाते, म्हणून परतल्यावर माणूस हमखास आजारी पडतो, टोचून झाल्यावर तिथे अर्धा तास बसू नये, आणि साठीपुढच्यांनी लाट ओसरेपर्यंत किंवा सरकार घरी येऊन लस देईपर्यंत बाहेर पडू नये. माझ्या ७२ वर्षांच्या आईने हा संदेश वाचून एप्रिलमधली ठरलेली वेळ सोडून दिली, आणि पुढची वेळ मिळेपर्यंत मे उजाडला. त्यामुळे या संदेशातला एकेक मुद्दा तपासून पाहणे मला अगत्याचे वाटते.

केंद्रावरच्या गर्दीचा मुद्दा मी आधी घेतो, कारण संदेशात खरे असे काही असेल तर ते एवढेच आहे. लशींच्या तुटवड्यामुळे ३० एप्रिल ते २ मे असे तीन दिवस मुंबईत लसीकरण बंद ठेवावे लागले, आणि तुटवड्याच्या त्या दिवसांत ठिकठिकाणी पहाटेपासून रांगा लागल्या. मात्र गर्दी नेमकी कुठे होते, हे पाहिले पाहिजे. आईला नेले त्या केंद्रात आतल्या खुर्च्या अंतर ठेवून मांडलेल्या होत्या, खिडक्या उघड्या होत्या आणि आत एका वेळी मोजकीच माणसे सोडत होते. दाटी होती ती फाटकाबाहेर. यादीतली नावे पुकारली जात होती आणि आपले नाव निसटू नये म्हणून माणसे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी होती; उत्तर देताना आवाज पोहोचावा म्हणून नेमक्या त्याच क्षणी मास्क हनुवटीखाली ओढत होती. धोका आहे तो त्या दहा फुटांच्या पट्ट्यात, आणि तो टाळता येतो. आम्ही आईला रस्त्यापलीकडे झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवले, तिचे ओळखपत्र आणि कोविन या सरकारी नोंदणी संकेतस्थळाचा चार आकडी सांकेतिक क्रमांक घेऊन मी रांगेत उभा राहिलो आणि नाव येण्याच्या बेतात असताना तिला बोलावले. नोंदणीची वेळ दुपारची असेल तर सकाळी सातला जाऊन उभे राहण्याने काही साधत नाही, फक्त गर्दीत घालवलेला वेळ वाढतो. ज्यांच्याकडे गाडीची सोय होती त्यांच्यासाठी दादरला शिवाजी पार्कजवळच्या कोहिनूर वाहनतळात गाडीत बसल्या बसल्या लस देण्याची व्यवस्था महापालिकेने मे महिन्याच्या सुरुवातीला केली. चालताना त्रास होणाऱ्या ज्येष्ठांसाठी ती फार मोलाची होती.

प्रवासाविषयी संदेश म्हणतो की वाहनात बसले की संसर्ग ठरलेला, आणि त्यावर उपाय म्हणून हातमोजे घालायला व बैठकीवर फवारा मारायला सांगतो. यात धोक्याचे ठिकाणच चुकले आहे. कोरोनाचा विषाणू प्रामुख्याने श्वासावाटे पसरतो, बोलताना-खोकताना बाहेर पडणाऱ्या थेंबांतून आणि हवेत तरंगत राहणाऱ्या सूक्ष्म कणांतून. पृष्ठभागाला हात लागून संसर्ग होण्याची शक्यता अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार दर स्पर्शामागे सर्वसाधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. म्हणजे फवाऱ्याची बाटली घेऊन गाडीच्या काचा बंद करून बसणारा माणूस किरकोळ धोका टाळतो आणि मोठा पत्करतो.

या बाबतीत आपली रिक्षा चांगलीच ठरते, कारण ती दोन्ही बाजूंनी उघडी असते आणि धावत असताना आतली हवा सतत बदलत राहते. चालकामागचा प्लास्टिकचा पडदा समोरून येणारे थेंब अडवतो, परंतु हवा त्याच्या कडेने फिरतेच, म्हणून पडदा आहे एवढ्यावर मास्क खाली घेऊ नये. टॅक्सीत एसी बंद ठेवून चारही काचा खाली घ्याव्यात. ते शक्य नसेल तर ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी गाडीतल्या हवेच्या प्रवाहाचा जो अभ्यास केला आहे, तो उपयोगी पडतो. प्रवासी चालकाच्या तिरक्या कोपऱ्यात, म्हणजे आपल्याकडे मागच्या डाव्या बाजूला बसला असेल, तर पुढची डावी आणि मागची उजवी काच उघडावी. आपल्या शेजारची काच उघडणे स्वाभाविक वाटते, पण दोनच काचा उघडायच्या असतील तर समोरासमोरच्या बाजूंनी हवा खेळणे अधिक परिणामकारक ठरते. मास्क नाकाच्या कडेला घट्ट बसलेला असावा आणि वाटेत फोनवर बोलणे टाळावे. लसीकरणासाठी बाहेर पडायला तेव्हाच्या निर्बंधांत मुभा होती. वाटेत विचारणा झाली तर नोंदणीचा संदेश दाखवता येत असे.

लशीने प्रतिकारशक्ती खाली जाते, हे विधान सरळ चुकीचे आहे. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि त्या काळात माणूस लशीआधी जितका असुरक्षित होता साधारण तितकाच राहतो. ‘लस घेतली आणि तिसऱ्या दिवशी पॉझिटिव्ह आला’ अशी उदाहरणे प्रत्येकाला माहीत आहेत. पण संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच दिवस जातात, म्हणजे अशा बहुतेक माणसांना संसर्ग लशीच्या आधीच झालेला होता. साथ जोरात असताना असे योगायोग जास्त दिसणारच. त्यावरून घ्यायची खबरदारी एवढीच की ताप-खोकला असताना केंद्रावर जाऊ नये आणि लस घेऊन परतताना मास्क सैल सोडू नये.

टोचल्यावर अर्धा तास बसू नका, हा सल्ला मला सगळ्यांत घातक वाटतो. तीव्र ॲलर्जी फार क्वचित येते, पण आली तर बहुधा पहिल्या पंधरा-तीस मिनिटांतच येते आणि तिच्यावरचे इंजेक्शन केंद्रावर हाताशी असते, टॅक्सीत नसते. निरीक्षण कक्ष कोंदट वाटत असेल तर खिडकीजवळची किंवा परिचारिकेच्या नजरेच्या टप्प्यातली बाहेरची खुर्ची मागावी. आईने मागितली आणि तिला ती कुरकूर न करता मिळाली.

राहिला लाट ओसरेपर्यंत थांबण्याचा प्रश्न. मुंबईत एप्रिलच्या सुरुवातीला अकरा हजारांवर गेलेली रोजची रुग्णसंख्या मेच्या मध्यापर्यंत दोन हजारांच्या आसपास आली होती, म्हणजे संदेश ज्या उताराची वाट पाहायला सांगत होता तो इथे सुरू झाला होता. दुसरे असे की १३ मेपासून कोविशील्ड लशीच्या दोन मात्रांमधले अंतर १२ ते १६ आठवडे झाले होते. मे अखेरीस पहिली मात्रा घेणाऱ्याला दुसरी ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरमध्ये मिळणार होती. जो जुलैअखेरपर्यंत थांबेल त्याची दुसरी मात्रा ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत लांबणार होती. केंद्र सरकारचे तेव्हाचे प्रमुख वैज्ञानिक सल्लागार के. विजयराघवन यांनी ५ मे रोजी तिसरी लाट अटळ असल्याचे सांगितले. दोनच दिवसांनी, उपाय नेटाने केले तर ती सर्वत्र येणार नाही, असेही ते म्हणाले. यांतले काहीही खरे ठरले तरी ज्येष्ठांच्या अंगात संरक्षण त्याआधी तयार झालेले असणे गरजेचे होते.

घरी येऊन लस द्यावी, ही मागणी मात्र मी खोडून काढणार नाही. अंथरुणाला खिळलेल्यांना कितीही काळजी घेतली तरी केंद्रावर नेता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयात त्यासाठी तेव्हा जनहित याचिका सुरू होती, आणि लशीची नासाडी व टोचल्यानंतरच्या देखरेखीची अडचण ही केंद्र सरकारने पुढे केलेली कारणे वैद्यकीय पथक सोबत दिल्यास दूर होण्यासारखी होती. ही मागणी त्या माणसांसाठी लावून धरायलाच हवी होती. माझ्या आईसारख्या, दोन जिने उतरून रिक्षात बसू शकणाऱ्या माणसाने त्या याचिकेच्या निकालासाठी थांबण्याचे कारण नव्हते.