क्वेश्चन बँक नाहीये माझ्याकडे

परवा रात्री (माझी रात्र, तुमची सकाळ) इनबॉक्सला एका मुलीचा मेसेज. ओळख नाही पाळख नाही, माझ्या आत्तेबहिणीच्या मैत्रिणीची कोणीतरी. "ताई, पुढच्या महिन्यात बीकेसीला अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये इंटरव्ह्यू आहे स्पाउस व्हिसाचा, तुमच्याकडे क्वेश्चन बँक आहे का?" ह्या वर्षातली ही सहावी की सातवी. म्हणून आता एकदाच काय ते लिहून टाकते, पुढच्या वेळी ही पोस्टच पाठवीन.

क्वेश्चन बँक नाहीये. असती तरी दिली नसती. दहावीला अपेक्षित प्रश्न घोकले तसं आपण सगळं आयुष्य घोकत बसतो आणि मग खिडकीपलीकडच्या बाईने जरा वेगळ्या शब्दांत विचारलं की आपली गाडी रुळावरून खाली. मी तिला उलट विचारलं, तुझा डीएस-२६०, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, तू वाचलायस का? तर म्हणे, "तो ह्यांनीच भरलाय, त्यांना सगळं माहीत असतं ना."

हे! मला नेमकं ह्याच्यावरच बोलायचंय.

आय-१३०, म्हणजे बायकोला तिकडे बोलवायची विनंती, नवऱ्याने भरायचा असतो, बरोबर आहे, ती पिटिशन त्याचीच. पण डीएस-२६० हा तुझा अर्ज आहे बाई. तुझा जन्म, तुझ्या शाळा, तुझ्या नोकऱ्या, तुझे आईबाप, तुला आधी कधी व्हिसा नाकारला का, सगळं तुझं. आणि इंटरव्ह्यूच्या खिडकीशी गेलीस की उजवा हात वर करून शपथ घ्यायला लावतात, की अर्जात जे लिहिलंय आणि मी जे सांगणार ते खरं आहे. म्हणजे जे तू वाचलंच नाहीस त्याची तू शपथ घेणार. लग्नात सप्तपदीला गुरुजी म्हणतील ते आपण म्हणतो तसं नाहीये हे, इथे खोटं निघालं तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं.

आता माझं सांगते, कारण मीही काही शहाणी नव्हते.

मी सांगलीची. नवरा ओहायोत, कोलंबसला, सिटिझन. रीतसर कांदेपोहे, फेब्रुवारी २०२२ ला लग्न, ऑक्टोबर २०२३ ला इंटरव्ह्यू. मधली सगळी कागदपत्रं तो रात्री ऑफिसमधून येऊन अपलोड करायचा आणि मी इकडून फक्त स्कॅन पाठवायचे. आई आणि मी महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला आलो, डोंबिवलीला मावशीकडे उतरलो, इंटरव्ह्यूला चार दिवस होते. मावशीचा मुलगा म्हणाला, सगळं प्रिंट मारून घे गं, ओरिजिनल्स पण एका फोल्डरमध्ये लाव. म्हणून नवऱ्याकडून केस नंबर आणि इन्व्हॉइस नंबर घेतला (केस नंबर बीएमबीने सुरू होतो, म्हणजे बॉम्बे! आपण नाव बदलून किती वर्षं झाली, त्यांच्या कॉम्प्युटरला पत्ताच नाही) आणि डीएस-२६० पहिल्यांदा उघडून वाचला. मावशीच्या हॉलमध्ये, दिवाणावर बसून, पोटात गोळा.

'याआधी दुसरं नाव वापरलंय का' इथे 'नाही'. अरे माझा पासपोर्ट लग्नानंतर बदललेला, जन्माचा दाखला, डिग्री, सगळं माहेरच्या नावाने, आणि हा म्हणतो दुसरं नाव नाही! त्याला वाटलेलं हे टोपणनावाबद्दल आहे. (लग्नात तांदळात अंगठीने लिहिलेलं एक तिसरंच नाव आहे माझं, ते फक्त त्याची आत्या वापरते, ते मात्र मी सोडून दिलं.) पुढे, मिरजेच्या एका शाळेत मी तीन वर्षं शिकवलं ते अर्जात कुठेच नाही. आणि सगळ्यात भारी म्हणजे 'अमेरिकेचा व्हिसा कधी नाकारला गेलाय का', नाही. २०१८ ला मामाकडे फिरायला जायचं म्हणून मी आणि आईने टुरिस्ट व्हिसाला अर्ज केलेला, दोघींनाही नाही म्हणालेले! मी हे त्याला लग्नाआधीच सांगितलेलं. तो म्हणतो नाही सांगितलंस. हा वाद आमच्या घरात आजही चालू आहे.

फोनवर भांडलो, रडले, मग मामाने सांगितलं ते केलं. एका साध्या कागदावर तिन्ही चुका लिहून काढल्या, बरोबर काय ते समोर लिहिलं, आणि खिडकीशी शपथ झाल्या झाल्या, तिने काही विचारायच्या आधीच सांगितलं की माझ्या फॉर्ममध्ये तीन गोष्टी चुकल्यात. त्या ऑफिसर बाईने शांतपणे टाइप केलं. २०१८ चं सांगितलं तेव्हा तिने स्क्रीनवरून मानसुद्धा वर केली नाही. म्हणजे तिच्यासमोर ते होतंच. आपण लपवून ठेवलेलं त्यांच्याच दप्तरात असतं हे लोकांच्या लक्षातच येत नाही.

बाकी प्रश्न? भेट कोणी घडवली. तो काय काम करतो. शेवटचा कधी आला होता भारतात. त्याच्या घरचे कोण कोण लग्नाला होते. तिकडे गेल्यावर तू काय करणार. सहासात मिनिटं. आईने तीनशे फोटोंचा अल्बम उचलायला लावलेला, तिने दोन पाहिले, एक साखरपुड्याचा आणि एक त्याच्या आजीसोबतचा ज्यात आजी झोपलीये. झालं. पासपोर्ट ठेवून घेतला.

आता जरा त्या कन्सल्टंट लोकांवर. आमच्याकडे एका गृहस्थांनी "मॉक इंटरव्ह्यू"चे पैसे घेतले आणि काय शिकवलं, तर अरेंज मॅरेज सांगू नका, इन्स्टावर ओळख झाली आणि मग घरी सांगितलं असं म्हणा, इंप्रेशन पडतं. अहो कसलं इंप्रेशन! भारतातून येणाऱ्या स्पाउस केसेस बहुतेक मुंबईलाच येतात. त्या दिवशी रांगेत माझ्यापुढे लुधियानाची मुलगी, मागे आणंदचं जोडपं आणि त्यामागे गुंटूरची एक बाई. त्या ऑफिसर लोकांनी आयुष्यात जेवढी ठरवून केलेली लग्नं ऐकली असतील तेवढी आपल्या वधूवर सूचक मंडळाने पण ऐकली नसतील. त्यांना दोन भेटींत लग्न ठरलं ह्याचं नवल वाटत नाही. नवल वाटतं ते दोन भेटींत ठरलेल्या लग्नाला कोणी दोन वर्षांचं अफेअर चिकटवलं की, कारण मग तारखा जुळत नाहीत, पासपोर्टवरचे शिक्के जुळत नाहीत. आणि आपल्याला स्वतःच्या लग्नाची लाज का वाटते हेच मला कळत नाही. "त्याच्या काकांनी माझ्या वडिलांना फोन केला" हे वाक्य पुरतं.

ह्याच गृहस्थांनी एकीच्या लग्नपत्रिकेचं इंग्रजी भाषांतर करून दिलेलं, त्यात चि. सौ. कां. हे मुलीचं पहिलं नाव म्हणून टाइप केलेलं. हसू नका, पैसे घेऊन केलंय.

म्हणून तयारी करायचीच तर कागदांची करा. जन्माचा दाखला काढून बघा, आपल्या पिढीत कितीतरी जणींच्या दाखल्यावर नावाचा रकाना रिकामा असतो, नुसतं 'मुलगी'. माझ्या दाखल्यावर होतं नाव पण वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं, नगरपालिकेत चार खेपा. लग्नाचं सर्टिफिकेट, पासपोर्ट ऑफिसचं पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट), सगळ्यावर तेच स्पेलिंग आहे का ते बोट ठेवून वाचा. मेडिकलला जाताना लहानपणीचं लसींचं कार्ड असेल तर न्या. माझं कुठे होतं, त्यामुळे गोवर, कांजिण्या, धनुर्वात, सगळं एका दमात दोन्ही दंडांवर, आणि रात्री लोकलमध्ये दांडी धरता येईना. (तेव्हा कोविडची लस पण बंधनकारक होती, आता ती अट गेली.) आणि मोबाइल आत नेता येत नाही, बरोबर कोणीतरी आणा. माझी आई बाहेर फूटपाथवर दोन फोन आणि डबा घेऊन उभी होती. पूर्वी हे सगळं ब्रीच कँडीला लिंकन हाउसमध्ये असायचं, २०११ ला बीकेसीला गेलं, माझी एक आत्या तिथल्या पावसातल्या रांगेच्या गोष्टी अजून सांगते.

पण फाइलमधला जो कागद कोणीच वाचत नाही तो आय-८६४. अ‍ॅफिडेव्हिट ऑफ सपोर्ट. सगळ्यांना वाटतं नवऱ्याची सॅलरी स्लिप लावायची फॉर्म्यालिटी. ती फॉर्म्यालिटी नाहीये. नवरा अमेरिकन सरकारला लेखी देतो की मी हिला गरिबीरेषेच्या १२५ टक्के पातळीवर तरी सांभाळीन, दोन माणसांच्या घराला २०२५ च्या तक्त्यात ते वर्षाला २६,४३७ डॉलर होते. त्याची कमाई कमी पडली तर दुसरा कोणीतरी जॉइंट स्पॉन्सर म्हणून सही करतो. आणि हे बंधन घटस्फोटाने संपत नाही. परत वाचा. घटस्फोटाने संपत नाही. बायको सिटिझन होईपर्यंत, किंवा तिच्या खात्यावर कामाचे ४० क्वार्टर म्हणजे साधारण दहा वर्षं जमा होईपर्यंत, किंवा ती देश कायमचा सोडेपर्यंत, किंवा दोघांपैकी एकाचा मृत्यू होईपर्यंत. मी हे इथे आल्यावर वाचलं. आधी कोणी सांगितलं? कोणीच नाही. सासरचे कशाला सांगतील, आणि माहेरच्यांना माहीतच नव्हतं.

तसंच ते दोन वर्षांचं. व्हिसावर प्रवेश करताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं मिळतं, हे १९८६ च्या कायद्यापासून आहे, खोट्या लग्नांना आळा म्हणून. मग ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१, म्हणजे ती दोन वर्षांची अट काढायचा अर्ज, भरायचा. मी डिसेंबरमध्ये विमानात बसले, दोन महिने थांबून फेब्रुवारीत गेले असते तर दहा वर्षांचं कार्ड मिळालं असतं, व्हिसाची मुदतही होती. सासूबाई म्हणतही होत्या संक्रांतीचं हळदीकुंकू करून जा. ऐकायला हवं होतं पण कोण ऐकतंय, नवरा विमानतळावर वाट बघत होता. आत्ताच भरला आम्ही तो आय-७५१, परत फोटो, परत बँकेची स्टेटमेंटं.

पण मला सांगायचं होतं ते हे की "दोघांनी मिळून" ह्या शब्दावर किती बायका अडकून बसतात. नवरा म्हणतो मी सही नाही करणार, जा परत. त्याच्या सहीशिवाय पण भरता येतो, घटस्फोट झाला असेल किंवा मारहाण, छळ असेल तर त्यासाठी सवलत आहे. आणि मारहाण, छळ होत असेल तर नवऱ्याला न विचारता स्वतःची पिटिशन करायची सोय १९९४ च्या कायद्यात आहे. व्हिसाच्या कागदांबरोबर एक माहितीपत्रक असतं ह्या हक्कांचं. माझं आईने डब्याखाली घातलेलं, तेल लागू नये म्हणून.

माझा नवरा चांगला आहे हो, कमेंटमध्ये सुरू करू नका. म्हणूनच लिहितेय. चांगल्या नवऱ्याच्या बायकोला हे वाचायला काहीच अडचण नसते.

तर त्या मुलीला मी सांगितलं, केस नंबर आणि इन्व्हॉइस नंबर माग, आज रात्रीच लॉगिन करून सगळा अर्ज वाच, आय-८६४ ची कॉपी पण माग. काल तिचा रिप्लाय आला. "ताई मागितलं, तर ते विचारतायत तुला कशाला पाहिजे."

मी तिला फोन नंबर दिलाय. अजून केलेला नाही तिने.