आडवा ताठ दोर मोटारीचं वजन हलकं करत नाही

परवा केजहून दाजींचा फोन आला. विहिरीतली मोटार काढायची होती आणि त्यांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरत आला होता. मेसेज असा: क्रेनवाल्याला पैसे घालू नका. विहिरीच्या दोन्ही काठांना खांब रोवा, मध्ये दोर होईल तितका ताठ बांधा, मधोमध कप्पी अडकवा. वजन निम्मं-निम्मं वाटलं जातं, म्हणून 100 किलोच्या मोटारीला 50 किलो पेलणारा दोर पुष्कळ. खाली आणखी दोन मुद्दे होते. दोन बलं लावली की त्यांची बेरीज होते. साइन-कोसाइन फक्त परीक्षेपुरतं, आपल्या वाडवडिलांनी मोट हाकताना कधी कोन मोजला?

दाजींनी खांब आणून टाकले होते. मी पॉलिटेक्निकला बलांचा हाच विषय शिकवतो, त्यामुळे हे वाचून गप्प बसवलं नाही.

आधी तो निम्म्याचा मुद्दा, कारण माणूस मरेल तो त्यानेच. अर्धं खरं आहे, तेवढं कबूल करतो. दोन दोर सरळ उभे लटकत असतील तर प्रत्येकावर 50 किलोच येतात. आडव्या दोरातही प्रत्येक बाजूला वर उचलणारा घटक 50 किलोचाच लागतो. पण दोर फक्त स्वतःच्या लांबीच्या दिशेने ओढतो. तो जवळजवळ आडवा असेल तर त्याच्या ओढीतला वर जाणारा वाटा अगदी थोडा असतो. तो थोडा वाटा 50 किलो भरायचा, तर सगळी ओढ कितीतरी मोठी हवी.

आकडे बघा. खांबांमधलं अंतर 30 फूट धरू. दोर मधोमध 15 फूट खाली आला, तर प्रत्येक बाजूला ताण सुमारे 71 किलो. 5 फूटच खाली आला तर 158. 1 फूट आला तर साधारण 750 किलो. आणि मेसेज सांगतो तसा करकचून ताणून अर्ध्या फुटावर आणला, तर 1500! मोटार तीच, 100 किलोची. दोर अगदी सपाट राहावा म्हणाल तर जगातला कुठलाच दोर पुरणार नाही, कारण सपाट दोराला वरचा घटकच नसतो. शिवाय मोटार ओढणाऱ्याचा जोर कप्पीवर येतो, तो मी अजून धरलेलाच नाही.

जाड दोर घेतला तरी भागत नाही. त्या 750 किलोंतले जवळपास सगळे आडवे, म्हणजे खांबाला विहिरीकडे खेचणारे. पावसाने भिजलेल्या काळ्या मातीत दीड-दोन फूट रोवलेला खांब ही आडवी ओढ काय धरणार? आमच्याच शिवारात एकदा असाच खांब उपटून मोटारीमागोमाग विहिरीत गेला होता. काठावरचा गडी वेळेवर बाजूला झाला म्हणून वाचला.

दाजींना म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नका, कापूस मोजायचे दोन लटकते काटे घ्या. 20 किलोचं सोयाबीनचं पोतं मधोमध बांधा, दोन्ही टोकांना एकेक काटा, आणि दोन पोरं हळूहळू लांब सरकू द्या. दोर उभे असताना 10-10 दिसेल. दोन्ही दोरांमधला कोन 120 अंश झाला की प्रत्येक काट्यावर 20. त्यापुढे सरकत जा आणि बघा.

बेरजेचा मुद्दा दोन ओळींत संपतो. 300 आणि 400 किलोची ओढ एकाच दिशेने असेल तरच 700. काटकोनात असेल तर परिणामी बल 500, आणि समोरासमोर असेल तर फक्त 100. दोन बलं एकदम लागली तर फळ समांतरभुज चौकोनाच्या कर्णावर मिळतं, हे न्यूटनने 1687 साली ‘प्रिन्सिपिया’त गतीच्या तीन नियमांच्या लगोलग पहिलाच उपसिद्धांत म्हणून मांडलं. गावचे पूल, टॉवर, क्रेन सगळे त्याच हिशोबावर उभे आहेत.

राहिले वाडवडील. त्यांचं नाव या मेसेजात घ्यायला नको होतं. मोटेची धाव, म्हणजे विहिरीतून पाण्याची मोट ओढताना बैल चालायचे ती वाट, उतरती का असायची? भरलेली मोट वर येताना बैल उतारावरून खाली चालायचे, म्हणजे त्यांच्या वजनाचा उताराच्या दिशेचा घटक नाड्याला, म्हणजे मोटेच्या दोराला, मिळायचा. 350 किलोचा बैल 10 अंशांच्या उतारावर असेल, तर तो घटक 60 किलो भरतो. जोडीचे 120. कोनमापक नसेल त्यांच्याकडे, पण कोन त्यांना पक्का कळत होता. धाव सपाट ठेवणाऱ्याला गावाने वेड्यात काढलं असतं.

काल रात्री दाजींचा फोन आला. “पोतं जमिनीपासून वीतभरच वर होतं, काट्यावर 41 दिसलं आन् धाकट्याच्या हातातून दोर सुटला.” क्रेन उद्या सकाळी येणार आहे.