इशाऱ्यावर चालणारे यंत्र: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

हातवाऱ्यांनी यंत्रमानव चालवण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे की, हे सारे प्रदर्शनापुरते ठीक; कारखान्यात एक इशारा चुकीचा वाचला गेला तर कुणाचा तरी हात जाईल, त्यापेक्षा बटण बरे. यातले बरेचसे मला मान्य आहे. ‘यापुढे बटणांची गरज उरणार नाही’ हे माझे वाक्य चुकीचे होते आणि ते मी मागे घेतो. यंत्र तातडीने थांबवणारे लाल बटण हाताशी हवेच.

चुकीच्या वाचनाचा अनुभव मीही घेतला आहे. फोंड्याच्या घरी सोप्यावर मी एक छोटी दोनचाकी गाडी इशाऱ्यांवर चालवून पाहत होतो. कॅमेऱ्यातून हाताचे 21 बिंदू टिपले जातात आणि त्यांच्या मांडणीवरून मूठ की उघडा पंजा, हे ठरते. मूठ म्हणजे ‘चल’, पंजा म्हणजे ‘थांब’. शेजारच्या काकू फुलांची परडी मुठीत धरून आत आल्या आणि गाडी थेट त्यांच्या पायांकडे निघाली. त्यांना लागले नाही, परंतु त्या मुठीत आज्ञा नव्हती हे गाडीला कळण्याची सोयच मी ठेवली नव्हती.

म्हणूनच दोष इशाऱ्याचा नसून नियमांचा आहे, असे मला वाटते. क्रेनच्या कामात हातवाऱ्यांची भाषा कितीतरी वर्षे रुळलेली आहे. तिथे माल उचलण्याचा इशारा नेमलेल्या एकाच माणसाचा पाळतात, पण ‘थांब’ असा हात कुणीही केला तरी चालकाने थांबायचे असते. यंत्रालाही हीच शिस्त लावता येते: सुरू करण्याची खूण ठरलेल्या व्यक्तीनेच करावी आणि ती अर्धा सेकंद, म्हणजे सेकंदाला 30 चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या 15 चित्रांपर्यंत, स्थिर राहावी, थांबायला मात्र कुणाचाही पंजा पुरावा, किंबहुना चालवणाऱ्याचा हात नुसता दिसेनासा झाला तरी यंत्राने थांबावे.

कडक उन्हात कॅमेऱ्याला इशारे नीट कळत नाहीत, हा आपला मुद्दाही खरा आहे. 2010 साली आलेला किनेक्ट हा शरीराच्या हालचाली टिपणारा कॅमेरा अदृश्य अवरक्त किरणांच्या ठिपक्यांवरून अंतर मोजत असे आणि कडक उन्हात ते ठिपके बुजून जात.

पण ‘बटण बरे’ हे ज्याचे बोट बटणापर्यंत पोहोचते त्याच्यापुरतेच खरे आहे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात, हातपाय लुळे पडलेल्या एका महिलेने मेंदूत बसवलेल्या, तिथले विद्युत संकेत टिपणाऱ्या विद्युताग्रांच्या (इलेक्ट्रोडच्या) साहाय्याने यांत्रिक हात हलवला आणि सुमारे 15 वर्षांनंतर प्रथमच, दुसऱ्या कुणी न पाजता, कॉफी प्यायली. तिच्यासमोर बटणाचा पर्याय नव्हताच.

माझ्या गाडीचे नियम आता बदलले आहेत. आपण फोंड्याला आलात तर ती स्वतः चालवून पाहा आणि कोणत्या इशाऱ्याने ती अजूनही फसते, ते मला दाखवा.