पेठ मोडून फुटबॉल वाचणार नाही

कोल्हापुरात फुटबॉलचे संघ पेठापेठांतल्या तालमींचे असतात, आणि तिथल्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर फुटबॉल हंगामात एक वाद ठरलेला असतो. शाहू स्टेडियमवर कुठल्या तरी सामन्यात पंचाच्या निर्णयावरून गोंधळ होतो, बाटल्या भिरकावल्या जातात, पोलिस गॅलरीत शिरतात, आणि रात्री कुणीतरी लिहितं, "तालमींचा फुटबॉल आता बंदच करा. पेठांची नावं काढा, शहराच्या सहा फ्रँचायझी करा, खेळाडूंचा लिलाव लावा. अमेरिकेत बघा, खेळ कसा प्रोफेशनल असतो." खाली अंगठ्यांची रांग. या वेळी उत्तर लिहायला बसले तर ते ग्रुपवर मावेना, म्हणून इथे लिहिते आहे.

मी अमेरिकेतच राहते, आयोवा सिटीत. या अख्ख्या राज्यात अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलचा संघ नाही, बास्केटबॉलच्या एनबीएचा नाही, मेजर लीग बेसबॉलचाही नाही. तरी शरद ऋतूतल्या शनिवारी किनिक स्टेडियमवर 69 हजारांवर माणूस बसतो. गावाची लोकसंख्या 75 हजारांच्या आसपास. मक्याची काढणी चालू असते, तरी चार-चार तास गाडी चालवून लोक येतात आणि सकाळी सातपासून मेलरोज अ‍ॅव्हेन्यूवर शेगड्या पेटतात. कशासाठी? विद्यापीठाच्या पोरांचा फुटबॉल बघायला, म्हणजे इथला अमेरिकन फुटबॉल, चेंडू हातात घेऊन पळायचा. आजोबांच्या जागेवर आज नातू बसतो. 1985 साली आयोवा पहिल्या क्रमांकावर असताना दुसऱ्या क्रमांकाच्या मिशिगनला शेवटच्या क्षणाच्या फील्ड गोलवर, म्हणजे खांबांमधून मारलेल्या किकवर, 12-10 असं हरवलं होतं, ते इथला कुणीही सत्तरीतला माणूस काल घडल्यासारखं सांगतो. पाटाकडील तालमीला हरवलेल्या फायनलबद्दल माझे वडील असेच बोलायचे. ही पेठच आहे. तुम्ही जी मोडायला निघालात, तीच.

पहिला क्वार्टर संपला की काय होतं ते ऐका. स्टेडियमला लागूनच मुलांचं हॉस्पिटल आहे. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या मोठ्या काचांना आजारी मुलं आणि त्यांचे आईबाप चिकटून उभे असतात. अख्खं स्टेडियम वळतं आणि त्यांना हात हलवतं. आपले खेळाडू, समोरच्या संघाचे खेळाडू, पंच, पोलिस, सगळे. 2017 पासून ही रीत चालू आहे. एका चाहत्यानं सुचवलं आणि गावानं ते उचललं. कुठल्या मालकाच्या मार्केटिंगवाल्याला हे सुचलं असतं?

"पण ईर्षा आहे म्हणून मारामाऱ्या होतात," असं माझा एक वर्गमित्र म्हणतो. बाबा रे, ईर्षा इथेही कमी नाही. 1934 साली मिनेसोटाच्या संघानं आयोवाच्या ओझी सिमन्स या काळ्या खेळाडूला मैदानात अक्षरशः तुडवलं. पुढच्या वर्षी सामना आयोवा सिटीत होता आणि वातावरण इतकं तापलं होतं, की पुन्हा असा प्रकार झाला तर प्रेक्षक तो सहन करणार नाहीत, असं खुद्द आयोवाचे गव्हर्नर बोलून बसले. त्यावर मिनेसोटाचे गव्हर्नर फ्लॉइड ओल्सन यांनी तार करून पैज लावली: हरेल त्यानं जिंकणाऱ्याला डुक्कर द्यायचं. आयोवा हरला, डुक्कर गेलं, त्याचं नावच फ्लॉइड पडलं. आजही या सामन्याची ट्रॉफी म्हणजे ब्राँझचं डुक्कर. ती जिंकली की पोरं धावत जाऊन डोक्यावर घेतात. सिमन्सवर झालेला अन्याय त्यानं धुऊन निघाला असं मी म्हणत नाही. पण पेटलेलं गाव थंड करायला कुणी संघांची नावं पुसली नाहीत, हे लक्षात घ्या. ईर्षेला एक ट्रॉफी दिली, एक रीत दिली. आपल्याकडे पालकमंत्र्यांनी दोन तालमींच्या अध्यक्षांना एका मंचावर बसवून असं काही ठरवलं तर काय बिघडेल?

आता प्रशिक्षकांविषयी, कारण तालमीच्या कमिटीत काका-पुतण्यांची भरती असते हाही ग्रुपवरचा आवडता मुद्दा आहे. कर्क फेरेंट्झ 1999 पासून आमचे मुख्य प्रशिक्षक. 2025 च्या सप्टेंबरात त्यांनी ओहायो स्टेटचे प्रशिक्षक वूडी हेज यांचा 205 विजयांचा विक्रम मागे टाकला. बिग टेन म्हणजे आम्ही खेळतो तो विद्यापीठांचा गट, इथल्या भाषेत कॉन्फरन्स; तिच्या इतिहासात इतके सामने कुणी जिंकलेले नाहीत. या माणसाबद्दल मला आदर आहे. पण त्यांनी स्वतःच्या मुलाला, ब्रायनला, आक्रमणाची जबाबदारी दिली आणि ते आक्रमण बघवेना. नात्यागोत्याच्या नियमामुळे कागदोपत्री ब्रायन वडिलांच्या हाताखाली नव्हता, तो थेट अ‍ॅथलेटिक डिरेक्टरच्या, म्हणजे विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखाच्या, हाताखाली होता. मग त्याच्या करारात अट घातली गेली: सामन्यामागे सरासरी 25 गुण झालेच पाहिजेत. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये, हंगाम चालू असतानाच, विद्यापीठानं जाहीर केलं की हंगामानंतर ब्रायन नसेल. वडील राज्यातले सगळ्यांत मानाचे प्रशिक्षक असूनही. आपल्याकडे कुठल्या संस्थेत हे घडलं असतं ते मला सांगा. घराणेशाहीला औषध आहे ते असा लेखी करार. संघ विकणं हे औषध नाही. मालक आला की त्याचा मुलगा येतोच.

त्याच वर्षी आमचं आक्रमण देशाच्या यादीत तळाला होतं आणि तरी आम्ही दहा सामने जिंकलो. बचावाच्या जोरावर, आणि टोरी टेलरच्या पायावर. टोरी मेलबर्नचा. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळत वाढलेला, आणि इथे आला तो थेट पंटर म्हणून. आपला डाव फसल्यावर चेंडू लाथेनं लांब भिरकावून द्यायचा, हे पंटरचं काम. बाकी ठिकाणी तो मैदानात आला की लोक खायला उठतात. किनिकवर टोरी आला की लोक टाळ्या वाजवायला उठायचे. चेंडू उंच जायचा, खाली यायचा, प्रतिस्पर्ध्याच्या पाच यार्डांच्या रेषेजवळ टप्पा घेऊन तिथंच घुटमळायचा, आणि सत्तर हजार लोक गोल झाल्यासारखे ओरडायचे. त्या एका हंगामात त्यानं 4,479 यार्ड पंट केले, कॉलेज फुटबॉलमधला विक्रम. चार हंगाम तो इथेच राहिला. त्याला बाहेरचा म्हणणारा माणूस मला आयोवात भेटलेला नाही.

याउलट केडिन प्रॉक्टर. डे मॉइनजवळचा, म्हणजे घरचाच पोरगा. आयोवाला येतो म्हणाला आणि ऐनवेळी अलाबामाला गेला. 2024 च्या जानेवारीत ट्रान्स्फर पोर्टलमधून, म्हणजे खेळाडूंना विद्यापीठ बदलायची जी सोय आहे तिच्यातून, परत आला, आम्ही सगळ्यांनी आरती ओवाळली, आणि मार्चमध्ये एकही सामना न खेळता तो पुन्हा अलाबामाला गेला. पोरगा गुणी आहे, त्याचं भलं होवो. पण आमचा कोण, टोरी की केडिन?

म्हणून आफ्रिकेतून आलेल्या खेळाडूंवरून कोल्हापुरात जे बोललं जातं ते मला पटत नाही. जो तीन-चार हंगाम एका तालमीकडून खेळतो, पेठेतल्या पोरांना संध्याकाळी चेंडू शिकवतो, तो पेठेचा. आणि दर वर्षी पाच हजार जास्त मिळाले की तालीम बदलणारा, त्याच्या सात पिढ्या आपल्या गल्लीत गेल्या असल्या तरी, पेठेचा नाही. बंदी घालायचीच असेल तर दर हंगामाला उडी मारण्यावर घाला.

पैशाचं म्हणाल, तर पैसा इथे काय करतो आहे ते मी रोज बघते. 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावायची मुभा मिळाली. ते योग्यच झालं. पोरांच्या जिवावर सगळे कोट्यधीश होत होते आणि पोरं तेवढी कोरडी होती. 2025 पासून तर विद्यापीठंच त्यांना थेट पैसे देऊ शकतात, एका विद्यापीठानं सगळ्या खेळाडूंना मिळून वर्षाला दोन कोटी डॉलरच्या थोडं वर. यालाही माझा विरोध नाही. पण टीव्हीच्या पैशापायी जे झालं त्याला आहे. पश्चिम किनाऱ्यावरची जुनी पॅक-12 कॉन्फरन्स फुटली. लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं, ओरेगन आणि वॉशिंग्टन आमच्या बिग टेनमध्ये आली. नाव बिग टेन आणि संघ अठरा. मागे राहिले पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट आणि कॉर्वॅलिसचं ओरेगन स्टेट. त्यांचा गुन्हा काय? गाव लहान, टीव्ही बघणारी माणसं कमी. शंभर वर्षांहून जुना शेजार एका करारात मोडला. सहा फ्रँचायझी करा म्हणणाऱ्यांनी आधी ठरवावं, कोल्हापुरातली कुठली पेठ पुलमन होणार. दिलबहार? खंडोबा? प्रॅक्टिस क्लब? सगळ्यांना वाटतं, आपली पेठ उरेल आणि दुसऱ्याची जाईल.

मग वर्गमित्रानं लिहिलं, "तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस. इथं स्टेडियमवर कधी आलीयस का?"

हे लागलं. कारण नाही आले. शिवाजी पेठेत माझं माहेर, शिवाजी तरुण मंडळ म्हणजे आमच्या घरचं दैवत, आणि त्या गॅलरीत मी पाऊल ठेवलेलं नाही. आमच्या वेळी घरातल्या पोरी जात नव्हत्या. कुणी नको म्हटलं असंही नाही. विचारायचं असतं हेच सुचलं नाही. भाऊ नववीत असल्यापासून जायचा. मी वडिलांकडून ताटावर बसून सामना ऐकायची: कॉर्नर कुणी घेतला, हेडर कुणाचा, पंच कसा विकला गेला. आयुष्यातलं पहिलं स्टेडियम मी आतून पाहिलं ते आयोवा सिटीतलं कार्व्हर-हॉकाय, आणि तोही मुलींचा बास्केटबॉलचा सामना.

केटलिन क्लार्क तेव्हा खेळत होती. वेस्ट डे मॉइनची मुलगी. नोत्र दाम विद्यापीठाला जायचं सोडून घरच्या विद्यापीठात आली. 22 नंबर. मधल्या चिन्हावरून, जिथून कुणी टाकायचा विचारही करत नाही, तिथून ती बास्केट मारायची. 3 मार्च 2024 ला तिनं पीट मॅरविच यांचा 3,667 गुणांचा विक्रम मागे टाकला आणि शेवटी 3,951 वर थांबली. पुरुष असो की बाई, पहिल्या श्रेणीच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये इतके गुण कुणाचे नाहीत. ऑक्टोबर 2023 मध्ये तर किनिकच्या उघड्या मैदानावर लाकडी कोर्ट मांडून डीपॉलविरुद्ध सराव सामना झाला. बोचरा वारा, आणि 55,646 माणसं. मुलींचा बास्केटबॉल बघायला! लागोपाठ दोन वर्षं आम्ही फायनल हरलो, आधी लुइझियाना स्टेटकडून आणि मग साउथ कॅरोलायनाकडून. तरी माझ्या मते या मुलींच्या तेव्हाच्या प्रशिक्षक लिसा ब्लूडर या राज्यात होऊन गेलेल्या सगळ्यांत मोठ्या प्रशिक्षक आहेत, आणि फेरेंट्झभक्तांशी यावरून मी केव्हाही भांडायला तयार आहे.

कार्व्हरमध्ये माझ्या शेजारी एक आजी बसायच्या. त्या शाळेत असताना सिक्स-ऑन-सिक्स खेळलेल्या. आयोवात मुलींचा हा खेळ होता: सहा-सहा जणी, तिघी फक्त हल्ला करणाऱ्या, तिघी फक्त बचाव करणाऱ्या, मधली रेषा ओलांडायची नाही. 1920 पासून मुलींची राज्यस्पर्धा भरायची आणि खेड्याखेड्यांतून लोक ती बघायला जायचे. 1993 ला तो प्रकार संपला. आजी बचावातल्या. आमच्या पोरींचा बचाव ढिला पडला की माझ्या गुडघ्यावर चापट मारून म्हणायच्या, "पाय हलव, पाय!" केटलिन 2020 मध्ये कॉलेजात आली, पण तिच्यासाठी टाळ्या वाजवणारी ही माणसं शंभर वर्षांपासून तयार होत होती. लिलावात केटलिन मिळेल एखादी, आजी कुठून आणणार?

किराणा घेताना, दवाखान्यात, बँकेत मला अजून विचारतात, मूळची कुठली. कार्व्हरमध्ये काळा-पिवळा शर्ट घालून बसले की कुणी विचारत नाही. विचारतात ते हेच, की चौथा फाउल खरंच होता का. मी ग्रुपवर "काल आम्ही हरलो" असं लिहिते तेव्हा भाऊ विचारतो, आम्ही म्हणजे कोण? खरं सांगते, मला त्याचा राग येतो. पेठेनं जे मला द्यायला हवं होतं ते मी दुसऱ्या गावाकडून घेतलं, आणि घेतल्याशिवाय राहवलंच नसतं. तरी शिवाजी विरुद्ध पाटाकडील असेल त्या दिवशी इथे पहाटे उठून मी आधी निकाल शोधते. दोन्हीकडचं "आम्ही" माझंच आहे. त्यातलं एक गाळून दाखवायला मला कुणी सांगू नये.

पेठ ठेवा. पण पेठेत अर्ध्या बायका असतात, त्यांना गॅलरीत आणा. तालमींचा मोठा सामना चारला असेल तर दोनला त्याच मैदानावर त्याच तालमींच्या मुलींचा सामना लावा. मोकळ्या खुर्च्यांसमोर खेळून खेळून पोरी सोडून देतात. बायका-पोरं बसलेल्या गॅलरीतून बाटल्याही कमीच येतील, हे मी इथल्या शनिवारांवरून सांगते. भावाची मुलगी मिडफिल्डला खेळते, डाव्या पायाची आहे, आणि आपल्या काकांच्या तालमीचा एकही सामना तिनं आतून पाहिलेला नाही. यंदा हंगामात मी येते आहे. दादा, शिवाजी-पाटाकडीलची तीन तिकिटं काढून ठेव: तुझं, तिचं आणि माझं. वहिनी येणार असतील तर चार.