टाकी, टँकर आणि गफूरभाईची डिश

काल सोलापुरात सात रस्त्याच्या कट्ट्यावर पिंट्या आला तोच मोबाईल नाचवत. "बघा बे, स्टारलिंक येतंय राज्यात, थेट उपग्रहावरून इंटरनेट! आता टॉवर भंगारात, केबल भंगारात, आणि गफूरभाई, तुमच्या डिशीत आता भाकऱ्या थापा."

गफूरभाई वीस वर्षं डिशा बसवतोय. त्यानं चहा बशीत ओतला, फुंकून प्याला आणि मग म्हणला, "पहिल्या जिल्ह्यांची यादी वाचली का? गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव. सोलापूर कुठाय बे त्यात?"

झालं. मल्लू मूळचा तुळजापूरचा, त्यामुळं त्यानं लगेच कॉलर ताठ केली, आणि तात्यांची जुनी जखम उघडी पडली. "हे आजचं नाही. १९७५ ला तो साईटचा टीव्ही आला, अमेरिकेच्या उपग्रहावरून खेड्यात दाखवायचा प्रयोग, तवा सहा राज्यं घेतली, महाराष्ट्र सोडून. पलीकडं विजापूर जिल्ह्यात आला, माझ्या मामाच्या गावात! कोंबड्याच्या जाळीची दहा फुटी डिश, आणि समोर अख्खं गाव मांडी घालून. मी पाव्हणा म्हणून सगळ्यात मागं. वर्षभरानं अमेरिकेनं उपग्रह परत सरकवून नेला."

"आणि जाळीचं काय झालं?"

"ते माहीत नाही. मामाच्या कोंबड्या वाढल्या एवढं खरं."

पिंट्याला हे असलं काही ऐकायचं नसतं, त्यानं रीलमध्ये बघितलेलं असतं. "ते तुमच्या डिशीचं छत्तीस हजार किलोमीटरवरचं डबडं सोडा. स्टारलिंकचे उपग्रह साडेपाचशेवर आहेत. जवळ म्हणजे फास्ट. विषय संपला."

"फास्ट आहे, कोण नाही म्हणतंय," गफूरभाई. "वरच्याला सिग्नल वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तराला अजून पाव. खालच्याला जायला-यायला चार मिलिसेकंद, बाकी जे लागतं ते जमिनीवरचं. पण तुझं ते एका जागी थांबतंय का? दीड तासात पृथ्वीला चक्कर! तुझ्या गच्चीवर चार-पाच मिनिटं दिसलं की गेलं, लगेच दुसरं पाहिजे, मग तिसरं, म्हणून तर हजारोंनी सोडलेत. माझा ३५,७८६ वर, विषुववृत्ताच्या डोक्यावर, पृथ्वीच्याच वेगानं फिरतोय म्हणून खिळा मारल्यासारखा. दूरदर्शनच्या फ्री डिशचा ९३.५ डिग्री पूर्व रेखांशावर, म्हणजे आपल्याकडून आग्नेयेला, साठेक अंश वर. तोंड केलं, नट आवळला, मी मेलो तरी चित्र चालू."

मी म्हणलं म्हणजे पाण्याच्या टाकीसारखं आणि टँकरसारखं. (सोलापुरात कुठलीबी गोष्ट पाण्यात आणली की डोक्यात शिरते.) टाकी लांब, एकच, पण अख्ख्या गावाला पुरते, पाणी यायला तेवढा वेळ. टँकर दारात, पण एक हलला की दुसरा हजर पाहिजे.

"आणि टँकर पाच वर्षांत भंगार," गफूरभाईनं पुरं केलं. "तिथं पण थोडी हवा असते, ती खाली ओढते. २०२२ च्या फेब्रुवारीत ४९ सोडले, सूर्याचं वादळ आलं, हवा फुगली, चाळीसेक गेले जळून. टाकी पंधरा वर्षं हलत नाही."

"मधलं काही नाही का?" मल्लू.

"आहे की, जीपीएस. २०,२०० वर. त्याचंच ऐकून तू अक्कलकोटला जाताना उसात घुसला होता."

तात्या म्हणले, बोलायला मात्र खालचंच बरं. भाऊ सौदीला होता तेव्हा फोनवर दोघं एकदम हॅलो म्हणायचे, मग दोघं एकदम गप्प, परत दोघं एकदम. निम्मे पैसे हॅलोतच जायचे. गफूरभाईनं हे बिनतक्रार कबूल केलं. बोलायला खालचा, बघायला वरचा. मॅच एका सिग्नलात अख्ख्या देशाला दाखवायची तर टँकर काय करणार?

पिंट्या हार मानेल तर शपथ. "पावसात तुमची डिश बंद पडते ते?"

"तुझीपण अडखळणार, दोघांच्या लहरी एकाच पट्ट्यातल्या, केयू बँड. सोलापुरात पाऊस पडला तर बोलू. मला छळतो तो सूर्य. मार्चमध्ये आणि सप्टेंबर संपता संपता तो बरोबर उपग्रहाच्या मागं येतो, काही मिनिटं चित्र जातं, आणि फोन मला. बाराही महिने सूर्याला शिव्या घालणारं गाव, तेवढे दिवस मला घालतंय."

इथवर ठीक होतं. पण पिंट्या म्हणला, त्या नव्या डिशीला मोकळं आकाश लागतं, बरं झालं विमानतळासाठी साखर कारखान्याची चिमणी पाडली. चिमणी! तात्या आणि मल्लू दोघं एकदम उठले, ते सौदीच्या फोनसारखे, आणि पुढचा अर्धा तास उपग्रह कुठल्या कुठं गेले. विमान, ऊस, कोण कुणाचा माणूस, मल्लूच्या लग्नात तात्यांना पंगतीत उशिरा बसवलं तेपण निघालं.

तेवढ्यात तात्यांना घरून फोन. नळाला पाणी आलंय. चार दिवसांनी आलेलं पाणी, कट्टा दोन मिनिटांत मोकळा. बिल पिंट्यावर. तो क्यूआर समोर मोबाईल धरून उभा, स्क्रीनवर गोल फिरतंय ते फिरतंयच, चहावाला बघतोय.

गफूरभाईनं गाडीला किक मारली आणि जाता जाता ओरडला, "वर बघ बे, टँकर आला का!"