क्वालिसच्या क्लचबद्दलच्या तुमच्या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार. तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं, की क्लच प्लेट बदला म्हणून सांगितलेलं असताना आम्ही गाडी दोन दिवस अडकवून ठेवली, ‘एक छोटा पंप’ बदलून बिल लावलं, आणि पाऊस सुरू झाल्यावर गिअर पुन्हा अडकायला लागला. आता दुसऱ्या एका मेकॅनिकने प्लेटच गेल्याचं सांगितलंय.

प्लेट आम्ही मुद्दामच बदलली नाही. प्लेट झिजली की क्लच स्लिप होतो. चोर्ला घाट चढताना इंजिन नुसतं रेस होतं, गाडी ओढत नाही, करपट वास येतो. तुमची गाडी तर झकास ओढत होती. दुखणं उलटं होतं, पेडल दाबूनही क्लच पुरता सुटत नव्हता. रिव्हर्स टाकताना करकर व्हायची, आणि पेडल दोन-तीनदा भराभर मारलं की तोच गिअर अलगद पडायचा. प्लेटचं दुखणं पेडल मारून बरं होत नाही. पेडलचा जोर ऑइलच्या दाबाने क्लचपर्यंत जातो, तेव्हा हा त्या दाबाचा प्रश्न.

तुमच्यासमोरच इंजिन चालू ठेवून पहिल्या गिअरात पेडल तळाशी दाबून धरलं होतं. थोड्या वेळाने गाडी आपसूक पुढे सरकायला लागली. डब्यातलं ऑइल मात्र जवळपास तेवढंच. म्हणजे बाहेर मोठी गळती नाही, मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडलने ऑइलला दाब देणाऱ्या त्या ‘छोट्या पंपा’च्या, आतच रबरी वॉशरला चुकवून ऑइल मागे फिरतंय. खात्रीसाठी स्लेव्हकडे, म्हणजे त्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या दुसऱ्या सिलिंडरकडे, जाणारा रबरी पाइप क्लॅम्पने बंद केला, तरी पेडल खाली जातच राहिलं. तेव्हा दोष मास्टरचाच.

नुसती वॉशर किट टाकली असती तर संध्याकाळी गाडी मिळाली असती, पैसेही कमी लागले असते. पण मास्टर उघडला तर ऑइल कोऱ्या चहासारखं काळं आणि आतल्या भिंतीवर गंजाचे खड्डे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, आणि आपल्या गोव्यात ओलीला काय तोटा! अशा खड्ड्यांवर नवीन वॉशर फार दिवस टिकत नाही. म्हणून अख्खा सिलिंडर मडगावहून मागवला, तो दुसऱ्या दिवशी आला. छोटा म्हणालात तरी पायाचा जोर क्लचपर्यंत पोचतो तो त्याच्यातूनच.

राहिला आत्ताचा त्रास. स्लेव्ह सिलिंडरचं रबर उचलून आतली ओल तुम्हाला तेव्हाच दाखवली होती. मास्टर नवा झाला की पूर्ण दाब जुन्या स्लेव्हवर येतो, दोन्ही एकदम बदलू, असं म्हटलं होतं. ‘ते पुढच्या वेळी बघू’ म्हणालात. बिलावर तशी नोंद आहे. हरकत नव्हती, गाडी तुमची. पण आता प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवू देण्याआधी ते रबर एकदा उचलून बघायला सांगा. ऑइल ठिबकत असेल तर स्लेव्ह गेलाय. क्वालिसमध्ये तो बाहेरच बसवलेला असतो, त्याच्यासाठी गिअरबॉक्स काढावा लागत नाही. नवा बसवून, जुनं ऑइल काढून, पाइपात अडकलेली एअर काढली की झालं.

चवथीच्या आधी आमच्याकडे गर्दी असते, तेव्हा सकाळी गॅरेज उघडताच या. प्लेटच गेलेली निघाली तर तसं इथे लिहीन. तपासणीचे पैसे घेणार नाही. स्लेव्ह, ऑइल आणि मजुरीचे मात्र लागतील.